पिचरच्या कारकिर्दीतील क्षेत्ररक्षणाचे आकडे कसे तपासावेत: क्रिकेटकडून बेसबॉलकडे आलेल्यांसाठी मार्गदर्शक

क्रिकेटचे धावफलक वाचत मोठ्या झालेल्या मुंबईकराला क्षेत्ररक्षणाच्या आकड्यांची सवय नसते. एकनाथ सोलकर यांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले, हे आपल्याकडे शाळकरी मुलेही सांगत. परंतु त्यांच्याकडे एकूण किती झेल आले आणि दुसरा कोणी तिथे उभा असता तर त्यातले किती हुकले असते, हे कोणत्याही धावफलकात सापडत नाही. बेसबॉलमध्ये मात्र प्रत्येक खेळाडूने केलेली मदत (असिस्ट), घेतलेला बाद (पुटआउट) आणि केलेली चूक (एरर) एकोणिसाव्या शतकापासून नोंदवली जाते. त्यामुळे नवख्या वाचकाला वाटते की आकडे तयारच आहेत, आपण फक्त बेरीज करायची. पिचरच्या बाबतीत ही समजूत सर्वाधिक फसवते, कारण मैदानावरील नऊ जणांत ज्याच्याकडे चेंडू सर्वांत कमी येतात असा खेळाडू बहुधा तोच असतो, आणि जे येतात ते त्याच्याच चेंडूफेकीच्या पद्धतीवर ठरतात.

हे काम शिकताना ज्या गोष्टी कोणी आधी सांगितल्या असत्या तर बराच वेळ वाचला असता, त्या मी येथे क्रमाने मांडल्या आहेत. बेसबॉलचे मूलभूत नियम वाचकाला ठाऊक आहेत, असे मी गृहीत धरतो.

१. आधी साहित्य जमवा

पुढील गोष्टी हाताशी असाव्यात:

- बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावरील त्या पिचरच्या पानाचा क्षेत्ररक्षणाचा तक्ता. पान उघडल्यावर आधी पिचिंगचे तक्ते दिसतात. क्षेत्ररक्षणाचा तक्ता बराच खाली असतो.
- त्याच पानावरील पिचिंगचे एकूण आकडे: सामोरे गेलेले बॅटर, स्ट्राइकआउट, वॉक, अंगाला लागलेले चेंडू आणि होमरन. हे का लागतात ते पाचव्या पायरीत येईल.
- जुन्या सामन्यांच्या नोंदी जमवणाऱ्या रेट्रोशीट या संस्थेच्या घटनावार नोंदी. त्या विनामूल्य मिळतात.
- फॅनग्राफ्स या संकेतस्थळावरील ग्राउंडर (जमिनीलगतचे फटके) आणि हवेतील फटक्यांची टक्केवारी. ही २००२ पासून पुढेच उपलब्ध असते.
- एक्सेल किंवा गूगल शीट्स.

सामने प्रत्यक्ष पाहायचे असतील तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७.०५ ला सुरू होणारा सामना उन्हाळ्यात मुंबईत पहाटे ४.३५ ला येतो, आणि पश्चिम किनाऱ्यावरचा सामना सकाळी लोकलमध्ये बसून मोबाइलवर पाहता येतो. कारकिर्दीचा आढावा घेण्यासाठी सामने पाहणे सक्तीचे नाही, परंतु निदान काही पाहिल्यावाचून पुढची पायरी पुरती उमगत नाही.

२. पिचरच्या खात्यात काय जमा होते आणि काय होत नाही

प्रत्येक जागेला एक क्रमांक असतो; पिचरचा १, कॅचरचा २, पहिल्या बेसवरील खेळाडूचा ३, शॉर्टस्टॉपचा ६. पिचरने ग्राउंडर अडवून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर बाद झाला, तर नोंद १-३ अशी होते. पिचरला असिस्ट मिळतो, पहिल्या बेसवाल्याला पुटआउट. उलट फटका उजवीकडे गेला, पहिला बेसवाला तो अडवायला बेस सोडून पुढे सरसावला आणि पिचरने माउंडवरून धावत येऊन बेस राखला, तर नोंद ३-१ होते आणि पुटआउट पिचरच्या नावे लागतो.

ही दुसरी हालचाल एकदा नीट पाहावी. चांगला पिचर फटका बसताक्षणी निघतो, पण थेट बेसच्या दिशेने धावत नाही. तो आधी फाउल रेषेकडे जातो, बेसच्या थोडे अलीकडे वळतो आणि रेषेला समांतर धावत, चेंडू हातात आल्यावर, उजव्या पायाने बेसची आतली कड दाबतो, म्हणजे मागून येणाऱ्या बॅटरशी टक्कर होत नाही. जो पिचर अर्धा क्षण जागेवर उभा राहून फटका कुठे गेला हे पाहत बसतो, तो पोहोचत नाही. बॅटर सुखरूप राहतो आणि नोंदवही त्याला सरळ हिट देते. पिचरच्या नावावर चूक लागत नाही. एररच्या आकड्यांत विसरभोळेपणा आणि आळस दिसत नाहीत, ही पहिली गोष्ट मनात पक्की करावी.

आणखी काही नियम ठाऊक असलेले बरे. स्ट्राइकआउटचा पुटआउट कॅचरला मिळतो आणि पिचरला त्याबद्दल असिस्टही मिळत नाही, त्यामुळे स्ट्राइकआउटचा बादशहा क्षेत्ररक्षणाच्या तक्त्यात दरिद्री दिसू शकतो. पिचरच्या हातमोज्याला किंवा पायाला लागून चेंडूची दिशा बदलली आणि शॉर्टस्टॉपने तो उचलून बॅटरला बाद केले, तर पिचरला असिस्ट मिळतो, मग त्यात त्याचे कौशल्य असो वा केवळ नशीब. वाइल्ड पिच (कॅचरला अडवता न येणारा भरकटलेला चेंडू) आणि बॉक (पिचरची नियमबाह्य हालचाल) यांची नोंद स्वतंत्र होते. ते एरर नव्हेत. पहिल्या बेसवरचा रनर टिपण्यासाठी केलेली फेक भरकटली, तर रनर पुढे सरकला तरच एरर लागतो.

सर्वांत चमत्कारिक नियम असा, की पिचरच्या स्वतःच्या एररमुळे झालेली धावही त्याच्या अर्न्ड रनमध्ये, म्हणजे पिचरच्या दोषाने गेलेल्या धावांत, धरली जात नाही. म्हणजे स्वतःच फेक चुकवून प्रतिस्पर्ध्याला धावा बहाल करणाऱ्या पिचरचा ईआरए (दर नऊ इनिंगमागील अर्न्ड रन) मात्र निष्कलंक राहतो. म्हणून क्षेत्ररक्षणाचा हिशेब करताना ईआरएच्या शेजारी एकूण दिलेल्या धावांचा दरही मांडावा.

३. तक्ता स्वच्छ करून घ्या

या पायरीत विशेष बुद्धी लागत नाही, पण निम्मी माणसे येथेच घसरतात.

इनिंगच्या आकड्यातील दशांश हा दशांश नसतो. २००.१ म्हणजे दोनशे पूर्णांक एक तृतीयांश आणि २००.२ म्हणजे दोनशे पूर्णांक दोन तृतीयांश. षटकांच्या रकान्यात १५.४ म्हणजे पंधरा षटके चार चेंडू हे कांगा लीगच्या स्कोअररला समजावून सांगावे लागत नाही. येथेही तोच प्रकार आहे. शीटमध्ये मात्र हे आकडे तसेच बेरजेला लावले, तर वीस वर्षांच्या कारकिर्दीत बेरीज हमखास चुकते.

हंगामाच्या मध्ये संघ बदललेल्या पिचरच्या दोन्ही संघांच्या ओळी आणि त्याखेरीज एकत्रित ओळ अशा तीन ओळी दिसतात. तिन्ही धरल्या की तो हंगाम दुप्पट होतो. ग्रेग मॅडक्स या पिचरच्या पानावर २००६ आणि २००८ या दोन्ही वर्षी हा सापळा आहे.

जागेचा रकाना तपासावा. रिक अँकिएल आधी पिचर होता आणि नंतर आउटफिल्डर म्हणून खेळला. त्याचे सर्व झेल पिचरच्या खाती टाकणे हास्यास्पद ठरेल. तसेच काही तक्त्यांत पीओ हे संक्षिप्त रूप पुटआउटसाठी, तर काहींत पिकऑफसाठी (बेसवरच्या रनरला फेक करून टिपण्यासाठी) वापरलेले असते, म्हणून रकान्याचे शीर्षक उघडून पाहावे.

रेट्रोशीटवरून १-३ किंवा ३-१ अशा नोंदी उतरवताना रकान्याचे स्वरूप आधी मजकूर असे ठरवावे. तसे न केल्यास शीट १-३ चा अर्थ १ मार्च असा लावते, आणि पिचरच्या असिस्टच्या जागी तारखांची रांग उभी राहते.

४. फिल्डिंग पर्सेंटेज काढा, पण त्यावर विसंबू नका

पुटआउट आणि असिस्ट यांच्या बेरजेला एकूण संधींनी, म्हणजे पुटआउट, असिस्ट आणि एरर या तिन्हींच्या बेरजेने, भागले की फिल्डिंग पर्सेंटेज मिळते. मॅडक्सच्या कारकिर्दीत ५४६ पुटआउट, १,१९४ असिस्ट आणि ५३ एरर आहेत. म्हणजे १,७९३ संधींत ०.९७०. नोलन रायन या वेगवान पिचरचे आकडे २२० पुटआउट, ५४७ असिस्ट आणि ९० एरर. म्हणजे ८५७ संधींत ०.८९५. पिचरांची सरासरी साधारणपणे ०.९५० ते ०.९६० च्या दरम्यान असते.

आता एका हंगामाकडे पाहू. दोनशे इनिंग टाकणाऱ्या पिचरला वर्षभरात चाळीसच्या आसपास संधी मिळतात. सरासरी ०.९५५ धरली, तर त्याच्याकडून दोनच्या आत एरर अपेक्षित आहेत, आणि निव्वळ योगायोगाने हा आकडा एक-दीडने सहज इकडेतिकडे होतो. म्हणजे एका वर्षी एकही एरर नाही आणि पुढच्या वर्षी चार, एवढ्यावरून तो पिचर बिघडला असे म्हणण्यास काहीही आधार नाही. चारशे संधी जमल्या की अपेक्षित एरर अठरा आणि योगायोगाचा पसारा सुमारे चारचा राहतो. तेव्हा कुठे आकडा बोलू लागतो. म्हणून हंगामनिहाय पर्सेंटेजची तुलना करूच नये. तीन ते पाच हंगामांचे गट करावेत किंवा सरळ संपूर्ण कारकीर्द घ्यावी. सामन्याच्या मध्यात येऊन थोड्याच इनिंग टाकणाऱ्या रिलीफ पिचरच्या बाबतीत तर सबंध कारकीर्दही अपुरी पडू शकते.

संपूर्ण कारकिर्दीवर हाच हिशेब लावला, तर मॅडक्सच्या १,७९३ संधींत सरासरी पिचरने ८० च्या आसपास एरर केले असते. त्याने ५३ केले. रायनच्या ८५७ संधींत सरासरी पिचरने ३८-३९ केले असते. त्याने ९० केले. हे दोन्ही फरक योगायोगाच्या पलीकडचे आहेत. पर्सेंटेजपेक्षा हे असे ‘इतके कमी’ किंवा ‘इतके जास्त’ एरर लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण त्यात संधींची संख्या लपत नाही.

५. पिचर किती चेंडूंपर्यंत पोहोचला हे मोजा

या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा.

रूढ माप आहे रेंज फॅक्टर: पुटआउट अधिक असिस्ट, गुणिले नऊ, भागिले इनिंग. मॅडक्सच्या ५,००८ पूर्णांक एक तृतीयांश इनिंगवर हे ३.१३ येते आणि रायनच्या ५,३८६ इनिंगवर १.२८. म्हणजे दर नऊ इनिंगमागे मॅडक्सने रायनच्या जवळजवळ अडीचपट बाद क्षेत्ररक्षणातून घडवले. येथे बहुतेक जण थांबतात आणि निकाल देऊन मोकळे होतात.

परंतु इनिंग हा येथे न्याय्य छेद नाही. रायनने ५,७१४ बॅटर स्ट्राइकआउट केले आणि २,७९५ जणांना वॉक दिला; या साडेआठ हजार बॅटरांनी मैदानात चेंडू मारलाच नाही, मग पिचरने अडवायचे तरी काय? म्हणून प्रत्यक्ष खेळात आलेले फटके मोजावेत: सामोरे गेलेल्या एकूण बॅटरांतून स्ट्राइकआउट, वॉक, अंगाला लागलेले चेंडू आणि होमरन वजा करावेत. रायनसाठी हा आकडा सुमारे १३,६०० येतो आणि मॅडक्ससाठी सुमारे १५,६००. आता दर शंभर फटक्यांमागे पिचरने हाताळलेले बाद काढले, तर रायनचे ५.६ आणि मॅडक्सचे ११.२ येतात. अडीचपटीचा फरक दुपटीवर आला. इनिंगवर दिसणाऱ्या अंतराचा काही भाग क्षेत्ररक्षणाचा नव्हताच, तो स्ट्राइकआउट आणि वॉक यांचा होता.

उरलेली दुप्पटही पूर्णपणे हातमोज्याची नाही. मॅडक्सचे चेंडू खाली राहत आणि जमिनीलगत फटके काढत. रायनच्या वेगवान, उंच चेंडूंवर हवेतील फटके अधिक निघत, आणि हवेत उंच उडालेला चेंडू जवळचा इनफिल्डर घेतो, पिचर बाजूला होतो. २००२ नंतरच्या पिचरसाठी ग्राउंडरची टक्केवारी मिळते, तेव्हा छेदात फक्त ग्राउंडर घ्यावेत. त्याआधीच्या पिचरसाठी अंदाजावरच भागवावे लागते, आणि तो अंदाज आहे असे लिहावे.

त्यानंतर चेंडू सोडल्यावर पिचर कोणत्या स्थितीत उरतो हे पाहावे. माउंडपासून होम प्लेटचे अंतर ६० फूट ६ इंच आहे, म्हणजे आपल्या बावीस यार्डांच्या खेळपट्टीहून साडेपाच फूट कमी, आणि पुढे पाऊल टाकून चेंडू सोडेपर्यंत ते आणखी घटते. मॅडक्स चेंडू सोडताच दोन्ही पायांवर, बॅटरकडे तोंड करून, हातमोजा पुढे धरून उभा राहत असे. बॉब गिब्सन मात्र चेंडू टाकल्यावर पहिल्या बेसच्या बाजूला अक्षरशः फेकला जात असे, तरीही त्याने उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे गोल्ड ग्लव्ह पुरस्कार सलग ९ वेळा जिंकले. त्यामुळे तोल ढळणारा पिचर म्हणजे वाईट क्षेत्ररक्षक, असा सोपा नियम करू नये. पाय किती चपळाईने सावरतात यावरही बरेच अवलंबून असते.

शेवटची सावधगिरी थोडी सूक्ष्म आहे. माउंडवरून मधोमध उसळत जाणारा चेंडू पिचरने उडी मारून अडवला की असिस्ट मिळतो. पण त्याच्या मागे शॉर्टस्टॉप आरामात उभा असेल, तर तो बाद तसाही झालाच असता. असा असिस्ट पिचरच्या नावे वाढतो, संघाचा मात्र काहीच फायदा होत नाही. कधी कधी तर हातमोज्याला पुसटसा लागलेला चेंडू शॉर्टस्टॉपच्या हातातून निसटतो आणि सोपा बाद हिट बनतो. म्हणून दर शंभर फटक्यांमागील आकडा पोहोच दाखवतो, उपयोग नव्हे.

६. सोबती आणि काळ

पिचरचे पुटआउट पहिल्या बेसवाल्यावर अवलंबून असतात. जो बेसवाला स्वतःच्या उजवीकडे लांबवर जाऊन ग्राउंडर अडवतो, तो पिचरला वारंवार बेसवर बोलावतो. जो बेसजवळच राहतो, तो स्वतःच पाय टेकवून बाद घेतो. संघ बदलल्यावर पिचरचे पुटआउट एकाएकी वाढले किंवा घटले, तर आधी पहिल्या बेसवर कोण होता हे पाहावे.

काळाचा फरक तर याहून मोठा आहे. १९०७ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या एड वॉल्शने एका हंगामात २२७ असिस्ट केले. आज असा आकडा कोणी गाठणार नाही, आणि त्याचे कारण आजचे पिचर आळशी झाले हे नव्हे. वॉल्शने त्या वर्षी चारशेहून अधिक इनिंग टाकल्या, तो थुंकी लावलेले चेंडू टाकत असे जे खाली बुडत, आणि त्या काळी बंटचा, म्हणजे बॅट आडवी धरून हळूच टेकवलेल्या फटक्यांचा, सुळसुळाट होता. अशा चेंडूंवर १९२० पासून बंधन आले. १९८० च्या सुमारास प्रत्येक संघ सामन्यागणिक सरासरी पाचच्या आत स्ट्राइकआउट होत असे. अलीकडे ही सरासरी आठच्या वर गेली आहे. अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून आणि नॅशनल लीगमध्ये २०२२ पासून कायमस्वरूपी, पिचरऐवजी दुसराच फलंदाजी करू लागला, तसे पिचरांनी मारलेले बंट संपले, आणि समोरच्या पिचरला त्या बंटवर मिळणारे असिस्टही संपले. मॅडक्स संपूर्ण कारकीर्द नॅशनल लीगच्या संघांकडून खेळला, तर रायनची बरीच वर्षे अमेरिकन लीगमध्ये गेली. पाचव्या पायरीतील दुपटीत याचाही थोडा वाटा आहे.

यावर व्यवहार्य उपाय एकच. बेसबॉल-रेफरन्सच्या तक्त्यात त्या हंगामातील लीगचे सरासरी फिल्डिंग पर्सेंटेज आणि सरासरी रेंज फॅक्टर हे रकाने दिलेले असतात. प्रत्येक हंगामाची तुलना त्याच हंगामाच्या सरासरीशी करावी आणि मग ते फरक इनिंगच्या प्रमाणात जोडावेत. दोन पिढ्यांच्या पिचरांना थेट समोरासमोर उभे करण्यापेक्षा हे बरे.

७. रनर रोखण्याचा हिशेब वेगळा ठेवा

बेसवर उभ्या असलेल्या रनरला खिळवून ठेवणे हे क्षेत्ररक्षणच आहे, पण फिल्डिंग पर्सेंटेजमध्ये ते जवळजवळ दिसत नाही. येथे चांगल्या क्षेत्ररक्षकांचीही गोची होते. ज्या मॅडक्सची आपण इतकी स्तुती करत आलो, त्याच्याविरुद्ध कारकिर्दीत पाचशेहून अधिक बेस चोरले गेले. बॅटरवर लक्ष केंद्रित करायचे आणि रनरला फारसे महत्त्व द्यायचे नाही, असाच त्याचा खाक्या होता. रायनविरुद्ध ७५७ बेस चोरले गेले. याउलट अँडी पेटिट आणि मार्क बर्ली या डावखुऱ्यांची पहिल्या बेसवरची फेक इतकी फसवी होती, की रनर बेस सोडायलाच कचरत. डावखुऱ्याचे तोंड मुळातच पहिल्या बेसकडे असते, म्हणून त्याची तुलना शक्यतो डावखुऱ्यांशीच करावी.

जॉन लेस्टरचे उदाहरण येथे सर्वांत बोधक आहे. पहिल्या बेसवर चेंडू फेकताना त्याचा हात अडखळत असे. २०१४ च्या संपूर्ण हंगामात त्याने रनरला टिपण्यासाठी पहिल्या बेसवर एकदाही फेक केली नाही, आणि फेकच नाही तर एरर कुठून लागणार? नोंदवही स्वच्छ राहिली. पुढच्या वर्षी मात्र प्रतिस्पर्धी सावध झाले आणि त्याच्याविरुद्ध चाळीसहून अधिक बेस चोरले गेले. जो प्रयत्नच टाळतो त्याचे पर्सेंटेज चांगले दिसते, हा धोका इतर आकड्यांतही असतो. लेस्टरच्या बाबतीत तो उघड्यावर आला एवढेच.

हिशेब करताना चोरीच्या प्रयत्नांची संख्या आणि यशस्वी चोऱ्यांचे प्रमाण हे दोन्ही पाहावेत, कारण ज्याच्याविरुद्ध कोणी प्रयत्नच करत नाही, त्याचे यश प्रमाणात दिसत नाही. कॅचर कोण होता हेही नोंदवावे. लेस्टरला डेव्हिड रॉससारखा, बेसवरच्या रनरवर मागून फेक करणारा कॅचर लाभला होता, त्याचे श्रेय पिचरला देता येणार नाही. पिचरने पहिल्या बेसवर फेकल्यावर रनर दुसऱ्या बेसकडे पळाला आणि १-३-६ असा बाद झाला, तर तो चोरी फसल्याच्या रकान्यात जातो आणि पिचरला असिस्टही मिळतो. असा बाद दोनदा मोजला जाऊ नये. २०२३ नंतरचे आकडे वेगळ्या गटात ठेवावेत. त्या वर्षी पिचरच्या पिकऑफच्या प्रयत्नांवर मर्यादा आली आणि बेसही मोठे झाले. लीगमधील एकूण चोऱ्या २०२२ मधील २,४८६ वरून ३,५०३ वर गेल्या. या वाढीचा दोष एकट्या पिचरच्या माथी मारता येत नाही.

८. आधुनिक मापे आणि पुरस्कार यांचा वापर बेताने करा

डिफेन्सिव्ह रन्स सेव्ह्ड हे माप २००३ पासून उपलब्ध आहे आणि ते पिचरलाही लागू होते. त्याचे संक्षिप्त रूप डीआरएस असले तरी पंचांच्या निर्णयाशी त्याचा काही संबंध नाही. फटक्याची दिशा आणि वेग पाहून, तसा फटका इतर पिचरांनी किती वेळा बादमध्ये बदलला याच्याशी ते तुलना करते आणि उत्तर धावांत देते. मात्र मॅडक्सच्या २३ हंगामांपैकी फक्त शेवटचे सहा त्यात येतात. गिब्सन आणि त्याच्याच काळातला पिचर जिम काट यांचा एकही नाही. यूझेडआर हे दुसरे प्रसिद्ध माप पिचरांसाठी काढलेच जात नाही, त्यामुळे तो रकाना रिकामा दिसला तर आपले काही चुकले असे समजू नये.

गोल्ड ग्लव्ह हा पुरस्कार १९५७ पासून दिला जातो आणि तो मुख्यतः व्यवस्थापक व प्रशिक्षकांच्या मतांवर ठरतो. २०१३ पासून सुमारे एक चतुर्थांश भार आकडेवारीच्या निर्देशांकाला दिला जातो. मॅडक्सकडे १८ आहेत, जिम काटकडे १६, तेही १९६२ पासून १९७७ पर्यंत सलग. पण काटचा १९६९ चा हंगाम उघडून पाहावा: ४६ संधींत ८ एरर, पर्सेंटेज ०.८२६, आणि तरीही गोल्ड ग्लव्ह. एकदा नाव झाले की मते सवयीने पडतात. दुसरी गंमत २०१९ ची आहे. झॅक ग्रिंकी हंगामाच्या मध्यात ॲरिझोनाहून (नॅशनल लीग) ह्यूस्टनला (अमेरिकन लीग) गेला आणि माइक लीक सिअॅटलहून (अमेरिकन लीग) ॲरिझोनाला आला. दोघांनीही आपण सोडून आलेल्या लीगचा पुरस्कार जिंकला. पुरस्कारांची संख्या ही त्या पिचरच्या समकालीनांचे मत म्हणून वेगळ्या ओळीत लिहावी, गुणांकनात मिसळू नये.

९. शेवटी सगळे धावांत बदला

बाद व्हायला हवा होता तो बॅटर पहिल्या बेसवर पोहोचला, तर संघाला साधारण पाऊण धावेचा फटका बसतो. या हिशेबाने मॅडक्सने टाळलेल्या सत्तावीस-अठ्ठावीस एररची किंमत सुमारे वीस धावा होते, आणि रायनने सरासरीपेक्षा जास्त केलेल्या पन्नासएक एररची सुमारे अडतीस. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. पण रायन २७ हंगाम खेळला, म्हणजे वर्षाला दीड धावही नाही. दहा धावांना साधारण एक विजय धरतात, हे लक्षात घेतले तर त्याच्या एररवर इतकी वर्षे झालेली चर्चा मला प्रमाणाबाहेर वाटते. त्याच्याविरुद्ध चोरलेले साडेसातशे बेस आणि न पोहोचलेले ग्राउंडर यांचा हिशेब अधिक काळजीने व्हायला हवा, कारण खरे नुकसान असलेच तर तिथे आहे.

निष्कर्ष लिहिताना चार गोष्टी वेगवेगळ्या ओळींत द्याव्यात: अपेक्षेच्या तुलनेत एरर, दर शंभर फटक्यांमागे हाताळलेले बाद, रनर रोखण्याची कामगिरी, आणि २००३ नंतरचा असेल तर डीआरएस. प्रत्येकासमोर किती संधींवर तो आकडा आधारलेला आहे हे लिहावे. कारकिर्दीचे तीन तुकडे केलेले उत्तम, कारण पस्तिशीनंतर पाय मंदावतात आणि पहिल्या बेसकडची धाव आधी कमी होते. एरर मात्र त्याच सुमारास घटू शकतात, कारण म्हातारा पिचर पोहोचता येणार नाही अशा चेंडूमागे धावतच नाही.

पहिल्या सरावासाठी मार्क बर्ली घ्यावा. त्याची कारकीर्द २००० ते २०१५ अशी आहे, त्यामुळे जवळजवळ सर्व रकाने भरलेले सापडतात, तो दरवर्षी भरपूर इनिंग टाकत असे, आणि त्याच्या पिकऑफच्या आकड्यांवर १-३-६ चा सराव चांगला होतो. काट आणि गिब्सन यांच्याकडे त्यानंतर वळावे.